शून्याच्या पलीकडे

मुलांनो, पाचांतून तीन वजा केले तर दोन उरतात, हे लहान मूलही सांगेल. पण तीनांतून पाच वजा करा, असे कोणी म्हटले तर? ‘वजा जात नाहीत,’ असे उत्तर आपण पूर्वी देत होतो. व्यवहारात मात्र हा प्रसंग नेहमी येतो. समजा, एका शेतकऱ्याजवळ ३०० रुपये आहेत आणि बियाण्याची किंमत ५०० रुपये आहे. दुकानदार ३०० रुपये घेतो व उरलेले २०० रुपये उधार म्हणून वहीत मांडतो. शेतकऱ्याचा खिसा आता रिकामा झाला. पण त्याची स्थिती शून्याची आहे काय? मुळीच नाही. ज्याच्याजवळ काही नाही, पण ज्याला कोणाचे देणेही नाही, तो या शेतकऱ्यापेक्षा २०० रुपयांनी बरा. हा भेद दाखविणारी संख्या म्हणजे ऋण दोनशे. ती −२०० अशी लिहितात.

मोजण्याच्या १, २, ३ इत्यादी संख्या, शून्य आणि −१, −२, −३ इत्यादी ऋण संख्या या सर्वांना मिळून पूर्णांक म्हणतात.

धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. हेच शब्द योजून ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात या संख्यांचे नियम सांगितले. दोन ऋणांची बेरीज ऋण होते. सारखेच धन आणि ऋण एकत्र आले की शून्य होते. आणि ऋणाला ऋणाने गुणले असता गुणाकार धन येतो. शेवटचा नियम प्रथम चमत्कारिक वाटतो. पण विचार करा, तुमच्यावरील पाच रुपयांचे कर्ज कोणी तीन वेळा माफ केले, तर तुम्ही १५ रुपयांनी वर आलात की नाही? कर्ज जाणे हा लाभच होय.

तरीही या संख्या लोकांच्या मनात सहज रुजल्या नाहीत. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त वानरांच्या कळपाचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून जी संख्या येते, तिच्या वर्गाइतके वानर गुहेत शिरले. एकच फांदीवर दिसतो. तर एकूण वानर किती? उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. परंतु पाचांचा पाचवा हिस्सा एक. त्यातून तीन वजा केल्यास −२ उरतात. म्हणून हे दुसरे उत्तर घेऊ नये, लोकांना ते पटत नाही, असे आचार्यांनी म्हटले. वानर उणे दोन असू शकत नाहीत, हे खरेच आहे. संख्या कोठे लागू पडते, हेही पाहावे लागते.

आता एक सरळ रेषा काढा. मध्ये शून्य, उजवीकडे धन व डावीकडे ऋण संख्या समान अंतरावर मांडा. उजवीकडची संख्या नेहमी मोठी. म्हणून −३ ही −७ पेक्षा मोठी. सातांच्या कर्जापेक्षा तीनांचे कर्ज बरे! रेषेला दोन्ही बाजूंस अंत नाही. म्हणून सर्वांत लहान पूर्णांक असा नाहीच. दोन पूर्णांकांची बेरीज कोणत्याही क्रमाने करा, उत्तर एकच येते. वजाबाकीत मात्र क्रम बदलून चालत नाही. पण कोणताही पूर्णांक कोणत्याही पूर्णांकातून वजा करता येतो व उत्तर पूर्णांकच येते. ‘वजा जात नाहीत’ ही अडचण आता उरली नाही.

कर्जाकडे डोळेझाक केल्याने कर्ज नाहीसे होत नाही. ते ऋण म्हणून स्वच्छ मांडले, तरच किती मिळविले म्हणजे शून्यावर येऊ, हे कळते. उणिवेचाही हिशेब चोख ठेवावा, हे या संख्या आपणांस शिकवितात.

स्वाध्याय

१. रिकामा खिसा आणि कर्ज यांत कोणता भेद आहे?
२. भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर का घेतले नाही? ५० हे उत्तर पडताळून पाहा.
३. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. समुद्रसपाटी शून्य मानून शिखराची उंची आणि ४० मीटर खोल बुडालेल्या नौकेचे स्थान पूर्णांकांत लिहा. दोहोंतील अंतर किती?