दम्याचे दोन धागे : उंदरांवरील संशोधनातून मिळालेला धडा

दम्याचा रुग्ण पंप ओढतो, थोड्याच वेळात छाती मोकळी होते आणि घरच्या मंडळींना वाटते, दुखणे गेले. पुढे काही दिवसांनी तोच रुग्ण मध्यरात्री धापा टाकीत रुग्णालयाच्या दारी येतो. असे का घडते, हे आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यापुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दम्यात दोन गोष्टी बिघडलेल्या असतात. श्वासनलिकांभोवतीचा स्नायू क्षुल्लक कारणानेही आवळला जातो; आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा धुळीसारख्या निरुपद्रवी गोष्टीस शत्रू मानून नलिकांच्या अस्तरास सूज आणते. या दोहोंचे नाते जिवंत माणसाच्या फुप्फुसात उलगडणे कठीण. म्हणून संशोधकांनी उंदराचा आधार घेतला.

उंदराला आपोआप दमा होत नाही. तो घडवावा लागतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षारासह त्याच्या पोटात टोचतात आणि काही दिवसांनी तेच प्रथिन तुषारांच्या रूपाने श्वासावाटे देतात. मग फुप्फुसात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात व चिकट स्राव वाढतो. त्यानंतर मेथाकोलीन हे स्नायू आवळणारे द्रव्य वाढत्या प्रमाणात देऊन श्वासमार्गातील अडथळा मोजतात. मेथाकोलीनची चाचणी निदानासाठी माणसांतही केली जाते.

१९९६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी इंटरल्युकिन-५ हा संदेशवाहक रेणू तयार करू न शकणारे उंदीर वापरले. इओसिनोफिल पेशींच्या वाढीस हा रेणू आवश्यक असतो. या उंदरांत पेशी जमल्या नाहीत आणि स्नायूंचा अतिरेकी प्रतिसादही दिसला नाही. दम्याचे मूळ सापडले, अशी आशा निर्माण झाली.

मात्र २००० साली याच रेणूस रोखणारे औषध सौम्य दमा असलेल्या रुग्णांना दिले, तेव्हा रक्तातील व थुंकीतील इओसिनोफिल घटले, पण स्नायूंचा हळवेपणा तसाच राहिला. उंदरांत एकत्र दिसलेले दोन धागे माणसात वेगळे निघाले. उंदराच्या श्वासनलिकांना फाटे कमी, स्नायू विरळ, आणि त्याचा दमा काही आठवड्यांचा. माणसाचा दमा वर्षानुवर्षांचा, त्यात स्नायू जाडही होतो.

तरीही ते श्रम वाया गेले नाहीत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, स्टिरॉइड घेऊनही ज्यांचे इओसिनोफिल वाढलेले राहत होते, असेच रुग्ण निवडले गेले. त्यांच्यात दम्याचे तीव्र झटके कमी झाले. मेपोलिझुमॅब हे ते औषध. २०१५ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. औषध तेच होते. योग्य रुग्ण ओळखण्यास मात्र वेळ लागला.

या मुक्या जीवांचे ऋण आम्ही मानतो. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख असते. शक्य तेथे प्राण्यांऐवजी अन्य पद्धती वापराव्यात, प्राण्यांची संख्या कमी ठेवावी आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात, ही तत्त्वे १९५९ पासून जगापुढे आहेत.

कुटुंबीयांसाठी बोध सरळ आहे. तात्काळ आराम देणारा पंप आवळलेला स्नायू सैल करतो, परंतु सूज तशीच राहते. ती शमविण्याचे काम श्वासावाटे घ्यावयाचे स्टिरॉइड करते. त्याचा पूर्ण गुण येण्यास दिवस-आठवडे लागतात, आणि त्याचे व्यसन लागत नाही. प्रौढ व किशोरवयीन रुग्णांनी केवळ आरामाच्या पंपावर विसंबू नये, असे २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. पूर्वी सौम्य दम्यासाठी केवळ असा पंप लिहून देण्याची रीत आम्हा वैद्यकीय मंडळींतही होती. ती आता बदलली आहे.

तेव्हा, बरे वाटू लागले म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने थांबवू नये, डॉक्टरांना विचारावे. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी. छाती मोकळी वाटली, तरी आतील सूज ओसरली असेलच असे नाही, हे घरातील प्रत्येकाने ध्यानी ठेवावे, ही नम्र विनंती.