विहिरीवरची यारी आणि लिफ्टमधला बोल्ट

धाराशिव



लातूरच्या शिकवणीत विचारला गेलेला आणि माझ्या भाचीला दोन दिवस अडवून बसलेला प्रश्न दिसायला सोपा आहे: लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात असताना तिच्या छताचा बोल्ट निखळला, तर त्याला लिफ्टच्या तळावर पोचायला थांबलेल्या लिफ्टपेक्षा कमी वेळ लागेल, जास्त लागेल की तितकाच लागेल? तळ बोल्टच्या दिशेने वर येतो आहे, तेव्हा वेळ कमीच लागणार, हे उत्तर चटकन सुचते आणि ते चुकते. ही चूक आकडेमोडीत होत नाही. आपण कोठे उभे राहून पाहतो आहोत हे न ठरवताच सूत्राला हात घातला की ती होते.

धाराशिव जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला लिफ्टपेक्षा यारी अधिक ओळखीची असते. विहीर खोदताना काठावर बसवलेले हे यंत्र पोलादी दोराला टांगलेली बादली तळाशी सोडते, खालचे मजूर तीत दगड-मुरूम भरतात आणि भरलेली बादली वर ओढली जाते. समजा, 50 फूट खोल विहिरीतून बादली सेकंदाला 1 मीटर वेगाने वर येत आहे आणि काठाजवळ आल्यावर तिच्या कडेचा एक दगड निसटला. हा दगड लगेच खाली येत नाही. बादलीबरोबर वर जाताना जो वेग त्याच्या अंगी आलेला असतो, तो बादली सुटली म्हणून नाहीसा होत नाही, आणि पदार्थाच्या या गुणालाच जडत्व म्हणतात. त्यामुळे विहिरीच्या तळातून पाहणाऱ्या मजुराच्या दृष्टीने दगड एक दशांश सेकंद आणखी वर चढतो, सुमारे 5 सेंटिमीटर गेल्यावर क्षणभर थबकतो आणि मग कोसळू लागतो. बादलीतल्या मुरुमावर एखादी मुंगी बसलेली असेल, तर तिला मात्र दगड चढलेला दिसत नाही, कारण तेवढ्या वेळात बादली स्वतः 10 सेंटिमीटर वर गेलेली असते आणि दगड मुंगीपासून पहिल्या क्षणापासूनच खाली जात राहतो. मजूर आणि मुंगी या दोघांचेही म्हणणे खरे आहे. ज्या जागेवरून मोजमाप केले जाते, तिला भौतिकशास्त्रात संदर्भ चौकट म्हणतात, आणि मजुराची चौकट जमिनीची, तर मुंगीची चौकट बादलीची आहे. तळाशी पोचेपर्यंत दगडाचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या घरात जात असल्याने मजुराने चौकटीचा विचार विहिरीच्या कडेला सरकून मगच करावा, हे सांगणे नलगे.

आता लिफ्टकडे वळावे. तिची उंची 2.45 मीटर आणि वर जाण्याचा एकसारखा वेग सेकंदाला 2 मीटर धरावा. गुरुत्वामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदी 9.8 मीटरने वाढतो, आणि वेग बदलण्याच्या या दरालाच त्वरण म्हणतात. थांबलेल्या लिफ्टमध्ये बोल्टला तळ गाठायला 0.71 सेकंद लागतो. चालत्या लिफ्टचा हिशेब जमिनीवर उभे राहून केला, तर बोल्ट आधी सुमारे 20 सेंटिमीटर वर चढतो, मग खाली येतो आणि 0.71 सेकंदाच्या अखेरीस सुटला होता त्या जागेच्या 1.04 मीटर खाली असतो. तेवढ्याच वेळात लिफ्टचा तळ 1.41 मीटर वर आलेला असतो. या दोन अंतरांची बेरीज बरोबर 2.45 मीटर येते, म्हणजे वेळ तितकाच लागला. तळाने वर येऊन जे कमावले, ते बोल्टने वर चढून गमावले. ज्या वेगात लिफ्ट आणि बोल्ट दोघेही सारखेच भागीदार होते, त्या वेगाचा त्यांच्या परस्परांतील गणितावर काही परिणाम होत नाही. आर्यभटाने नावेतून जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे सरकताना दिसतात असा दाखला 499 च्या सुमारास दिला आणि गॅलिलिओने 1632 मध्ये बंद जहाजाच्या तळघरात पडणाऱ्या थेंबांची गोष्ट मांडली, त्या दोन्हींच्या मुळाशी हाच विचार आहे.

वेग बदलू लागला की मात्र चित्र पालटते. लिफ्टचे वरच्या दिशेचे त्वरण 1.2 असेल, तर बोल्ट सुटल्यानंतरही लिफ्टचा वेग वाढत राहतो, आणि ही वाढ बोल्टच्या वाट्याला येत नाही, कारण त्याचा लिफ्टशी संबंध तुटलेला असतो. अशा वेळी लिफ्टच्या चौकटीत 9.8 ऐवजी 11 हे त्वरण धरावे लागते आणि वेळ 0.67 सेकंदावर येतो. त्वरण तितकेच पण खालच्या दिशेने असेल, तर 8.6 धरावे लागते आणि वेळ 0.75 सेकंद होतो. येथे एक खाचखळगा आहे, तो भाचीने नीट ओळखून ठेवावा. खालच्या दिशेचे त्वरण म्हणजे लिफ्ट खाली चालली आहे असे नव्हे. वर जाणारी लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबताना मंदावते, तेव्हाही तिचे त्वरण खालच्या दिशेनेच असते, आणि म्हणूनच त्या क्षणी पोटात हलके वाटते. प्रश्नात "वर जाणारी" हा शब्द दिसताच बेरीज करणारा विद्यार्थी गतीची दिशा वाचतो, त्वरणाची वाचत नाही.

लिफ्टचा दोर तुटला आणि अडवणारे काहीच उरले नाही, तर खालच्या दिशेचे त्वरण 9.8 होते, वजाबाकी शून्य येते आणि निखळलेला बोल्ट तळावर पडतच नाही. तो छताजवळच तरंगत राहतो. या अवस्थेला मुक्त पतन म्हणतात. बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनला 1907 मध्ये असे सुचले की छतावरून पडणाऱ्या माणसाला पडत असताना स्वतःचे वजन जाणवणार नाही, आणि या एका विचारातून गुरुत्व व त्वरण यांचा परिणाम लहानशा बंद खोलीत एकमेकांपासून वेगळा ओळखता येत नाही, हे समतुल्यतेचे तत्त्व पुढे आले. त्यावर उभा राहिलेला सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत 1915 मध्ये पूर्ण झाला.

"लहानशा" हा शब्द तेथे उगाच आलेला नाही. पडत्या खोलीत एकमेकांपासून 2 मीटर अंतरावर दोन गोळ्या सोडल्या, तर दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे ओढल्या जात असल्याने त्यांच्या वाटा किंचित जवळ येतात. 30 मीटर पडेपर्यंत त्यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाने घटते. मुक्त वस्तूंमधील अंतरात पडणारा हा फरकच गुरुत्वाची खरी खूण होय. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी ओळखण्यासाठी मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा नियोजित आहे, आणि तेथेही टांगलेल्या आरशांमधील अंतराचा याहून कितीतरी सूक्ष्म बदल मोजायचा आहे. लिफ्टच्या प्रश्नाची वाट तेथवर जाते.

यावरून भाचीने दोन सवयी लावून घ्याव्यात. पहिली अशी की पतनाचे कोणतेही उदाहरण सोडवताना कागदाच्या कोपऱ्यात पाहणाऱ्या माणसाची आकृती काढावी आणि तो जमिनीवर आहे की लिफ्टमध्ये, हे लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये; हिशेब एका चौकटीत सुरू करून दुसरीत संपवला, तर बरोबर सूत्रेही चुकीचे उत्तर देतात. दुसरी अशी की जे हाताने पाहता येते, ते केवळ कागदावर सोडून देऊ नये. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडून, टोपण न लावता, ती पाण्याने भरावी. हातात धरलेली असताना भोकातून धार लागते आणि बाटली सोडून दिली की पडता पडता धार बंद होते, कारण बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने पडत असल्याने पाण्याचा दाब भोकाशी उरत नाही. मग बाटली पुन्हा भरून सरळ वर फेकावी. मात्र हातातून सुटल्यावर ती वर चढत असताना धार चालू राहील की थांबेल, याचे उत्तर फेकण्याआधी कारणासह वहीत लिहावे. प्रयोग लिंबाच्या आळ्यात उभे राहून करावा, म्हणजे उत्तर चुकले तरी पाणी वाया जाणार नाही.