मतदानाचं मार्केटिंग

समजा, 'मतदान' हे एक प्रॉडक्ट आहे. किंमत? पैसे नाहीत, पण रांग, ऊन आणि सुट्टीची सकाळ. फायदा? लाखो मतांत आपलं एक मत! असा माल ग्राहक का घेईल?

जाहिराती सांगतात, 'मतदान तुमचं कर्तव्य आहे.' पण २६/११ नंतर मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आलेल्या मुंबईत २००९ च्या लोकसभेला जेमतेम ४१ टक्के मतदान झालं.

मग काय चालतं? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २००६ च्या प्रायमरी निवडणुकीआधी गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर या संशोधकांनी हजारो घरांना वेगवेगळी पत्रं पाठवली. पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के. कर्तव्याची आठवण करून देणाऱ्या पत्राने ३१.५. पण ज्या पत्रात 'मागे तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मत दिलं होतं का' हेच छापलं होतं, तिथे थेट ३७.८! मत कोणाला दिलं ते गुप्तच. दिलं की नाही एवढंच उघड.

म्हणजे उपदेशापेक्षा 'लोक काय म्हणतील' जास्त विकतं.

आपल्याकडे अशी पत्रं वाटली तर भांडणंच होतील. पण आपल्याकडे त्याहून सभ्य जाहिरात आहे, बोटावरची शाई! १९६२ पासून म्हैसूरला बनणारी ही शाई खरं तर दुबार मतदान रोखण्यासाठी. पण कॅन्टीनच्या टेबलावर नऊ बोटं शाईची असली, की दहावा आपला हात खिशात घालतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या निवडणुकीला भाषण नको. एकमेकांना एवढंच म्हणा, "बोट दाखव रे!"