अंड्याचे कवच पातळ का होते?

इयत्ता ४ थी

आमच्या घरी चार कोंबड्या व एक कोंबडा आहे. तांबडी, काळी आणि ठिपकी या तीन गावरान आहेत. चौथी गिरिराज जातीची आहे. तिला आम्ही गिरजी म्हणतो. अंड्यांचे पैसे आईचे असतात, त्यात कुणी वाटा मागत नाही. माझ्या वह्या आणि आजीच्या गोळ्या त्यातूनच येतात.

दिवाळीनंतर गिरजीची अंडी नाजूक यायला लागली. हातात धरली की बोट आत जायचे. एक दिवस तर कवच नसलेलेच अंडे पडले. नुसता पापुद्रा, फुग्यात पाणी भरल्यासारखा! काकी म्हणाली, नजर लागली. आबा म्हणाले, शुक्रवारच्या बाजारात विकून टाकू, निदान कोंबडीचे तरी पैसे येतील. आई काहीच बोलली नाही. मी आबांना म्हटले, दोन बाजार थांबा. ते हो म्हणाले.

मी एक जुनी वही घेतली. रोज कोणत्या कोंबडीने अंडे घातले आणि ते कसे होते ते लिहू लागलो. अंड्यावर पेन्सिलीने त्या कोंबडीचे पहिले अक्षर काढायचे. आठ दिवसांत कळले की काळीची आणि ठिपकीची अंडी चांगली टणक आहेत. म्हणजे रोग सगळ्यांना नव्हता. मग गिरजीचे वेगळे काय ते बघितले. गावरान कोंबड्या दिवसभर उकिरडा, बांध, ओढा असे सगळे हिंडतात. गिरजी अंगाने जड, कुत्रे मागे लागले तर तिला पळता येत नाही. म्हणून आम्ही तिला खुराड्यात कोंडून ठेवत होतो आणि ज्वारी व तांदळाच्या कण्या घालत होतो. तिला ऊनसुद्धा लागत नव्हते.

शाळेत गुरुजींनी आम्हाला एक प्रयोग करून दाखवला. तो घरी करता येतो. अंड्याच्या कवचाच्या तुकड्यावर लिंबू पिळायचे. थोड्या वेळाने बारीक बुडबुडे येतात. ओढ्याच्या काठाला पांढरट चुनखडीचे खडे असतात, त्यांच्यावरही येतात. रस्त्याच्या काळ्या खडीवर येत नाहीत. कवच आणि चुनखडी या दोन्हींत एकच पदार्थ असतो, त्याचे नाव कॅल्शियम कार्बोनेट. अंड्याचे कवच बहुतेक सगळे त्याचेच असते. आमची काळी ओढ्याकाठी काय टिपत असते ते मला तेव्हा समजले.

मग मी गणित मांडले. एका चांगल्या मोठ्या अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. १०० ग्रॅम ज्वारीत ते साधारण २५ मिलिग्रॅम असते. २००० भागिले २५ म्हणजे ८०. ऐंशी वेळा शंभर ग्रॅम म्हणजे ८ किलो! एका अंड्यासाठी कोंबडीने आठ किलो ज्वारी खायला पाहिजे. ती दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. आबांनी हे गणित दोनदा तपासले.

मग एवढे दिवस कवच कुठून येत होते? आई व मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की ते तिच्या हाडांतून येते. खाण्यात मिळाले नाही की कोंबडी स्वतःची हाडे झिजवते. पुढे ती लंगडते, बसून राहते. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते, तेवढा तिला आराम मिळतो. गिरिराज सहसा खुडूक बसत नाही, अंडी घालतच राहते. म्हणून तिला जास्त लागते.

डॉक्टरांनी शिंपल्याचा भरडा द्यायला सांगितला. तो कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळतो. अंड्याची टरफले तव्यावर भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतात. पण अर्धी टरफले तशीच टाकू नयेत, नाहीतर कोंबडीला अंडी फोडून खायची खोड लागते. भरडा दाण्यात मिसळायचा नाही, वेगळ्या वाटीत ठेवायचा. ज्या कोंबडीला पाहिजे ती खाते. लहान पिल्लांना देऊ नये, त्यांच्या मूत्रपिंडाला त्रास होतो. पानाचा चुना तर कुणालाच देऊ नये, तो तोंडाला झोंबतो. वाटी संध्याकाळी ठेवावी, कारण कवच व्हायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातले पुष्कळ काम रात्री कोंबडी झोपलेली असताना होते. जाडसर तुकडे पोटातल्या दळणाच्या पिशवीत राहतात आणि रात्रभर विरघळतात.

आम्ही वाटी ठेवली आणि सकाळी दोन तास तिला उन्हात सोडायला लागलो. उन्हामुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होते, त्याच्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. तेवढा वेळ आजी काठी घेऊन कुत्र्याकडे बघत बसते. दहाव्या दिवशी वहीत लिहिले, 'गि. टणक.' दुसऱ्या शुक्रवारी आबांनी फक्त अंडी नेली.

बाकीची कारणे थोडक्यात सांगतो. तलंगेची पहिली एकदोन अंडी मऊ येतात, घाबरू नये. मुंगूस आले किंवा रात्री फटाके वाजले तर कोंबडी दचकते आणि आतल्या आत कवच तडकते. त्यावर पुन्हा चुना बसतो व अंड्याच्या कमरेला करगोटा बांधल्यासारखा दिसतो. ते अंडे खायला चालते. उन्हाळ्यात कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्या वेळी कार्बन डायऑक्साइड वायू शरीराबाहेर फार जातो आणि कवचाला तोच कमी पडतो. (लिंबाचे बुडबुडेसुद्धा त्याच वायूचे होते!) तेव्हा सावली व गार पाणी पाहिजे. पण सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम मऊ, वेडीवाकडी, सुरकुतलेली आली आणि कोंबड्या घुरघुरायला लागल्या, तर भरड्याने काही होणार नाही. ती मानमोडी असू शकते, तिलाच राणीखेत म्हणतात. लगेच डॉक्टरांना सांगावे. तिची लस आधीच द्यावी लागते.

राहिली तांबडी. ती आता चार वर्षांची आहे. म्हाताऱ्या कोंबडीचे अंडे मोठे होते पण चुना तेवढाच असतो, म्हणून तो पातळ पसरतो. तिलाही वाटी दिली, पण फार फरक पडला नाही. पातळ अंडे खुडूक कोंबडीखाली लवकर फुटते, म्हणून तिची अंडी आम्ही उबवायला ठेवत नाही, घरीच खातो. काळीखाली या वेळी गिरजीची नऊ अंडी ठेवली आहेत.