गोष्टीचा शेवट

मुलांनो, चिमणी आणि कावळ्याची गोष्ट ऐकली नाही, असे मूल महाराष्ट्रात विरळाच. परभणी जिल्ह्यातील पेडगाव घ्या किंवा कोकणातील एखादी वाडी घ्या; कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे घर मेणाचे, हे तेथील लहानग्यांना अक्षरओळख होण्यापूर्वीच ठाऊक असते. मोठा पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशी येऊन उभा राहतो. येथपर्यंत गोष्ट सर्वत्र सारखीच. पुढे मात्र घरोघरी तिचे रूप पालटते. कोठे चिमणी उशिरा का होईना, दार उघडून त्याला आसरा देते. कोठे ऊब घ्यावयास चुलीपाशी गेलेला कावळा तापल्या तव्यावर भाजून निघतो. कोठे तो रात्रभर चिमणीच्या घरातील चणे फस्त करून सकाळी पसार होतो.

गोष्ट एक आणि शेवट तीन! यांतील खरा कोणता? प्रश्न लहान दिसतो; परंतु थोर कथाकारांना आणि अलीकडच्या चित्रपटकारांनाही त्याने विचारात पाडले आहे. आज आपण त्याचाच थोडा विचार करू.

जुन्या परीकथा म्हणजे केवळ गोड गोष्टी, असा आपला समज असतो. तो पुरता खरा नाही. फ्रान्समधील शार्ल पेरो या लेखकाने १६९७ साली लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट छापली. तिच्यात लांडगा आजीला खातो, मग नातीलाही खातो आणि गोष्ट तेथेच संपते. सुटका करावयास कोणी येत नाही. पुढे जर्मनीतील याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंनी लोकांच्या तोंडच्या कथा गोळा करून १८१२ साली त्यांचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यांच्या कथेत एक शिकारी येतो, लांडग्याचे पोट फाडतो आणि आजी व नात दोघीही जिवंत बाहेर पडतात.

याच ग्रिम बंधूंच्या संग्रहात हिमगौरीची कथा आहे. दुष्ट राणी शेवटी तिच्या लग्नाला येते, तेव्हा तिला निखाऱ्यांवर लाल केलेले लोखंडी जोडे घालावयास लावतात आणि ती नाचत नाचत मरून पडते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी राणी तिची सख्खी आईच होती. सख्खी आई असे करील, हे वाचकांना सोसवणार नाही असे वाटून १८१९ च्या आवृत्तीत ग्रिम बंधूंनी तिला सावत्र आई केले. म्हणजे गोष्ट बदलण्याचा प्रघात चित्रपटांनी सुरू केला नाही. तो त्यांच्या पुष्कळ आधीचा आहे.

या कथा इतक्या कठोर का होत्या? पूर्वी त्या केवळ मुलांसाठी नव्हत्या. दिवसभराचे काम उरकल्यावर, सूत कातताना किंवा शेकोटीभोवती बसून मोठी माणसे त्या एकमेकांना सांगत. त्यांच्या जगात उपासमार होती, रोगराई होती, रानात लांडगे होते. हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना आईबाप रानात सोडून देतात, ते घरात अन्न उरले नाही म्हणून. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी १९७२ सालचा दुष्काळ पाहिला, त्या मराठवाड्यातील मुलांना ही गोष्ट परक्या देशाची वाटणार नाही. रिकामी कणगी आणि कोरडी विहीर माणसाला काय करावयास लावते, हे त्या कथांना माहीत होते.

विसाव्या शतकात चित्रपटांमुळे या कथांचा कायापालट झाला. अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने यांनी १९३७ साली हिमगौरीवर चित्रपट काढला. त्यात तापलेले जोडे नाहीत. राणी कड्यावरून कोसळते आणि तिचा मृत्यू आपल्याला दिसतही नाही. डेन्मार्कचे कथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन यांनी १८३७ साली लिहिलेल्या कथेतील जलपरीला राजपुत्र मिळत नाही. तिचे शरीर समुद्राच्या फेसात विरून जाते आणि ती वाऱ्याची कन्या होते. डिस्ने यांच्या संस्थेने १९८९ साली काढलेल्या चित्रपटात मात्र तिचे राजपुत्राशी लग्न होते. आईबाप आणि मुले एकत्र बसून पाहतील व हसतमुखाने घरी जातील, असा चित्रपट त्यांना हवा होता. असे चित्रपट पाहून जगभरातील मुलांना वाटू लागले की, परीकथा म्हणजे शेवटी लग्न आणि वाजंत्री.

अलीकडे वारे पुन्हा फिरले आहे. अनेक दिग्दर्शक जुन्या परीकथांना काळोखी रूप देऊ लागले आहेत. त्यांपैकी काहींना केवळ घाबरवावयाचे असते. अशा चित्रपटाची भीती दिवा लागताच संपते आणि मनात काही उरत नाही. काहींना मात्र खरोखर काही सांगावयाचे असते. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे पिनोकिओ या लाकडी बाहुल्याची कथा.

इटलीतील कार्लो कोलोदी यांनी ही कथा १८८१ साली मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः लिहावयास घेतली. पंधराव्या प्रकरणात त्यांनी चोरांकडून बाहुल्याला झाडाला टांगविले आणि कथा संपविली. हट्टी व उनाड पोराची ही गत, असा त्यांचा रोख होता. परंतु बालवाचकांना हा शेवट मुळीच मान्य झाला नाही. पुढची गोष्ट हवी, अशी मागणी होऊ लागली. अखेर कोलोदींनी पुन्हा लेखणी उचलली, बाहुल्याला वाचविले आणि कथा पुढे नेली. १८८३ साली पुस्तक निघाले, त्यात पिनोकिओ शेवटी गुणी आणि हाडामांसाचा मुलगा होतो. पाहा, जगप्रसिद्ध कथेचा शेवट तुमच्याच वयाच्या वाचकांनी बदलावयास लावला!

या कथेवर डिस्ने यांनी १९४० साली गोड चित्रपट काढला. त्यानंतर २०२२ साली मेक्सिकोचे दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांनी मार्क गुस्ताफसन यांच्यासह तीच कथा निराळ्या रीतीने मांडली. त्यांच्या चित्रपटात सुतार जेपेत्तोचा मुलगा युद्धातील बाँबने मरण पावतो आणि दुःखाने वेडापिसा झालेला बाप लाकडाचा मुलगा घडवितो. काळ हुकूमशहा मुसोलिनीचा आहे. हा बाहुला मरून पुन्हा उठतो, हे पाहून तेथील अधिकाऱ्याला तो उत्तम सैनिक वाटतो. कोलोदींच्या पुस्तकात आज्ञा न पाळणारा मुलगा संकटात सापडतो. या चित्रपटात क्रूर आज्ञा निमूटपणे पाळणारी माणसे अनर्थ ओढवून घेतात. शेवटी बापाला वाचविण्यासाठी पिनोकिओ आपले अमरत्व सोडून देतो. तो वाचतो, पण लाकडाचाच राहतो, आणि एकेक करून आपली सर्व माणसे गेल्यावर एकटाच जगात निघतो. हा शेवट उदास आहे. तरी तो पाहून मन खचत नाही. ज्यांचा सहवास थोडा, त्यांच्यावर प्रेम अधिक करावे, असे वाटू लागते. या चित्रपटाला २०२३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले.

आता आपल्या देशाकडे वळू. राजस्थानचे कथाकार विजयदान देथा यांनी एका लोककथेला शब्दरूप दिले. एका सावकाराचा मुलगा लग्न होताच व्यापारासाठी दूरदेशी जातो. झाडावरील एका भुताला त्याच्या नववधूची माया लागते. ते नवऱ्याचे रूप घेऊन घरी येते; परंतु तिच्यापाशी खोटे बोलत नाही, आपण कोण ते सांगून टाकते. काही वर्षांनी खरा नवरा परततो. तेव्हा एक धनगर युक्तीने भुताला चामड्याच्या पिशवीत कोंडतो. मणि कौल यांनी १९७३ साली ‘दुविधा’ या चित्रपटात हा शेवट तसाच ठेवला. ती सून मुकाट्याने घरात राहते. तिला काय हवे होते, हे कोणीच विचारीत नाही. २००५ साली मराठी अभिनेते व दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी तीच कथा ‘पहेली’ या चित्रपटात सांगितली. त्यांनी भुताची सुटका केली, सुनेच्या मनाप्रमाणे घडू दिले आणि शेवट आनंदाचा केला. एकाने अन्याय आहे तसा दाखविला, दुसऱ्याने तो दूर केला. दोघांच्याही मनात त्या सुनेविषयी कळवळाच होता.

मराठी दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा २०१८ चा हिंदी चित्रपट भयप्रद आहे व तो मोठ्यांसाठीच आहे. त्याचे बीज भयकथाकार नारायण धारप यांच्या एका कथेत आहे. ती परीकथा नव्हे. पण तिची घडण आजीच्या गोष्टीसारखीच आहे. गुप्त खजिना आहे, शापित राक्षस आहे आणि कितीही मोहरा मिळाल्या तरी तृप्त न होणारा माणूस आहे. शेवटी राक्षसासारखा झालेला बाप मोहरांनी भरलेली लंगोटी मुलापुढे धरतो. मुलगा ती घेत नाही. बापाचा लोभ तो तेथेच थांबवितो. सारा चित्रपट अंधाराचा. पण अखेरचा निर्णय एका बालकाच्या हाती आहे.

मग खरा शेवट कोणता? तो गोड आहे की कडू, एवढ्यावरून ते ठरत नाही. आपण दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हा शेवट पात्रांच्या करणीतून आला आहे, की आपल्याला हसविण्यासाठी किंवा भिवविण्यासाठी वरून चिकटविला आहे? दुसरा, दुबळ्याचे दुःख गोष्ट सांगणाऱ्याला दिसले आहे काय? अँडरसनची जलपरी या दोन्ही कसोट्यांना उतरते. लाल तापलेले जोडे पहिल्या कसोटीला उतरत असतील. परंतु ते वाचून आज आपल्याला न्यायापेक्षा सूडच अधिक दिसतो. म्हणून पुढच्या पिढीने ते काढून टाकले, तर त्यात फारसे बिघडले नाही. उलट, जगात दुःखच नाही असे भासविण्यासाठी जलपरीचा फेस पुसून टाकला, तर काहीतरी मोलाचे हरवते.

तुम्हीही उद्या धाकट्या भावंडांना चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगाल. कावळा भिजत उभा आहे, चिमणीला आपल्या पिलांची काळजी आहे, आणि ऐकणारे मूल डोळे विस्फारून तुमच्याकडे पाहत आहे. तेव्हा शेवट विचारपूर्वक निवडा.

शब्दार्थ

विरळा – क्वचित आढळणारा. प्रघात – चाल, पद्धत. कणगी – धान्य साठविण्याचे बांबूचे मोठे पात्र. कायापालट – संपूर्ण बदल. रोख – बोलण्याचा कल, उद्देश. कळवळा – दुसऱ्याच्या दुःखाने वाटणारी कणव. करणी – कृत्य.

स्वाध्याय

१. ग्रिम बंधूंनी हिमगौरीच्या कथेत कोणता बदल केला? का केला?

२. पिनोकिओचा पहिला शेवट कोणता होता? तो कशामुळे बदलला?

३. ‘दुविधा’ आणि ‘पहेली’ या चित्रपटांच्या शेवटांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

४. लेखकाने सांगितलेल्या दोन कसोट्या चिमणी-कावळ्याच्या तिन्ही शेवटांना लावून पाहा.

५. वाक्यांत उपयोग करा : विचारात पाडणे, कायापालट होणे, कसोटीला उतरणे, मुकाट्याने राहणे.

६. आपल्या आजीकडून किंवा शेजारच्या वृद्धांकडून एक जुनी गोष्ट ऐका. ती जशी ऐकली तशी लिहा. मग तिचा निराळा शेवट लिहून तो का निवडला, ते पाच-सहा ओळींत सांगा.