शेकानंतर पिशवी काढायची म्हणतात तेव्हा

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरून किरणांचे शेक झाले, आतले झाले, केमो झाली, आणि तरी गाठ उरली किंवा पुन्हा आली, की घरोघरी एकच सल्ला मिळतो: ‘गर्भपिशवी काढून टाक, सुटशील.’ मलाही आमच्या गावाकडच्या एका सर्जननं सोमवारी भरती व्हायला सांगितलं होतं. नणंदेनं हट्ट धरला, आधी कॅन्सरच्याच रुग्णालयात दाखवायचं. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

शेकलेल्या जागेचा रक्तपुरवठा घटतो, मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय एकमेकांना चिकटतात, जखम लवकर भरत नाही. तिथं नेहमीसारखी पिशवी काढली तर रोग कडेला राहू शकतो आणि लघवी किंवा शौच योनीमार्गातून झिरपायला लागू शकते. माझ्या शेजारच्या खाटेवरची ताई तशाच अवस्थेत आली होती. रात्रंदिवस फडकी बदलायची आणि पाणी प्यायलाही घाबरायची.

म्हणून आधी रोग आहे हे सिद्ध होऊ द्या. शेक संपल्यावरही गाठ विरत राहते, त्यामुळे एमआरआय साधारण 12 आठवड्यांनी करतात. शेकानं आलेली सूज फोटोत रोगासारखी दिसू शकते, तेव्हा तुकडा तपासल्याशिवाय मोठ्या शस्त्रक्रियेला होकार देऊ नका. मग पेट स्कॅन, रोग लांब पसरलाय का ते पाहायला. एक पाय सुजणं, कमरेतून पायात कळ जाणं आणि मूत्रपिंडाला सूज, ही तिन्ही एकत्र असतील तर रोग बहुधा ओटीपोटाच्या भिंतीला पोचलेला असतो. तेव्हा कापून सहसा उपयोग होत नाही.

रोग मधोमध असेल तर मात्र आशा आहे, आणि ती सोडू नये. अगदी लहान असेल तर कधी गर्भाशय आजूबाजूच्या भागासह काढून भागतं. नाहीतर मूत्राशय, गुदाशय किंवा दोन्ही सोबत काढावी लागतात; मग लघवी-शौचासाठी पोटावर तोंड करून त्यावर पिशवी चिकटवतात. ही मोठी शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या डॉ. अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी 1948 साली मांडली, तेव्हा 22 जणींपैकी 5 तिच्यातच दगावल्या. आज ते प्रमाण खूप खाली आलंय. गाठ कडेसकट स्वच्छ निघाली तर निम्म्याच्या आसपास बायका पाच वर्षं पार करतात. पण पोट उघडल्यावर रोग पसरलेला दिसला तर तसंच शिवून टाकतात. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

माझ्या अशा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सिस्टरनं मला उभं केलं, बसवलं, वाकवलं, साडी नेसायला लावली. परकराची नाडी कुठं बसते ते पाहून तिनं पेननं पोटावर दोन गोल काढले, उजवीकडे लघवीच्या पिशवीसाठी, डावीकडे शौचाच्या. या खुणेसाठी आग्रह धरा. नाडीखाली किंवा पोटाच्या वळीत तोंड आलं तर पिशवी नीट चिकटत नाही, गळते.

योनीमार्ग किती जाणार, नवा करता येईल का, हे नवऱ्याला शेजारी बसवून विचारा. मी विचारलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेबद्दल भरती होण्याआधीच विचारा. पिशव्यांचा खर्च पुढे दर महिन्याला असतो, तोही धरून चाला. पोटावर असं तोंड (ऑस्टोमी) असलेल्यांच्या मुंबईतल्या ऑस्टोमी असोसिएशनशी बोलून घ्या. पिशवी लावून नोकरी, प्रवास, लग्नकार्यं करणारी माणसं तिथं भेटतात.