कुस्कोचा ट्रेक आणि आरडीची तारीख

पेरू देशातले कुस्को हे अँडीज पर्वतातले शहर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथल्या इंका ट्रेलने चार दिवसांत माचूपिचू गाठायचे, तेही जूनमध्ये, असे ठरवून बेंगळूरुचा एखादा खातेदार आरडी उघडतो आणि मुदतही जूनपर्यंतचीच घेतो. गणित इथे चुकते.

या वाटेवर दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश असतो, वाटाडे आणि हमाल धरून. परवाना अधिकृत ट्रेक कंपनीमार्फतच निघतो आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मे ते ऑगस्टचे परवाने कित्येक महिने आधी संपतात. म्हणजे पहिली मोठी रक्कम डिसेंबर-जानेवारीतच लागते. तेव्हा आरडी मोडली तर व्याज कमी मिळते. न मोडावी तर परवाना जातो. त्यापेक्षा आदल्या वर्षीच्या जूनमध्ये १५,००० रुपयांची १८ महिन्यांची आरडी सुरू करा. पुढच्या डिसेंबरात २,७०,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज हाती येईल. त्यानंतरच्या जूनमध्ये ट्रेक.

ट्रेकचा दर डॉलरमध्ये असतो, म्हणून थोडी रक्कम बचत खात्यात वेगळी ठेवलेली बरी. भारतातल्या कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतल्यास ती टीसीएस वसूल करते. तो खर्च समजून सोडून देऊ नका. विवरणपत्र भरून करात वळता करता येतो किंवा परत मिळतो.

प्रवास विम्यात ट्रेकिंगसाठी उंचीची मर्यादा असू शकते. या वाटेवरची सर्वांत उंच खिंड सुमारे ४,२०० मीटरवर आहे. हप्ता भरण्याआधी ते कलम वाचा.